छापा, पंचनामा आणि आपण

(अमली पदार्थ आणि कायद्याची अंमलबजावणी या विषयावर एका व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



संयोजकांनी मला प्रथम जो विषय सुचवला होता, त्यात ‘विळखा’ हा शब्द होता. मी त्यांना विनंती केली की, विळखा, भस्मासुर आणि कीड हे तीन शब्द आज आपण बाजूला ठेवू. गेली तीस वर्षे पत्रकारितेत काढताना या विषयावरची असंख्य भाषणे मी ऐकली, त्यांच्या बातम्या केल्या आणि खरे सांगायचे तर एकदोन भाषणे स्वतःही ठोकली. श्रोते हळहळतात, टाळ्या वाजतात आणि आपण घरी जातो. आज मी एका रूक्ष गोष्टीविषयी बोलणार आहे. पोलिसांचा छापा पडल्यानंतर पुढे काय होते, एवढीच ती गोष्ट आहे.

एक छायाचित्र आपण सर्वांनी पाहिलेले आहे. एक लांब टेबल, त्यावर पांढऱ्या भुकटीच्या प्लास्टिकच्या पिशव्या, वजनकाटा, काही मोबाईल, आणि मागे ताठ उभे असलेले अधिकारी. समोर बुरखे घातलेले दोनतीन आरोपी. खाली मथळा असतो तो कोटींचा. आता कृपया आठवून पाहा, त्या आरोपींना शिक्षा झाल्याची बातमी आपण कधी वाचली? आणि वाचली असेल, तर ती कितव्या पानावर होती? दोष केवळ वाचकांचा नाही. छाप्याची बातमी पहिल्या पानावर देणारे आणि निकालाची बातमी न देणारे आम्हीच.

अशा प्रत्येक सभेत एक प्रश्न हमखास येतो: ‘या लोकांना सरळ फाशी का देत नाहीत?’ त्याचे उत्तर आधीच देऊन टाकतो. आपला एनडीपीएस कायदा, म्हणजेच गुंगीकारक औषधीद्रव्ये व मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम, १९८५ सालचा. तो त्या वर्षीच्या १४ नोव्हेंबरला अमलात आला. त्याआधी आपण इंग्रजांच्या अफूच्या कायद्यांवर चालत होतो, आणि ज्या इंग्रजांनी माळव्याची अफू मुंबई बंदरातून चीनला पाठवून गल्ला भरला, त्यांच्या कायद्यांचा हेतू व्यसनमुक्ती असेल, अशी अपेक्षाच चूक होती. घटनेच्या ४७ व्या अनुच्छेदाने मादक द्रव्यांना बंदी घालण्याचा प्रयत्न करणे हे राज्याचे कर्तव्य ठरवले, त्याला कठोर कायद्याचे दात १९८५ साली आले. १९८९ च्या दुरुस्तीने काही गंभीर गुन्ह्यांत दुसऱ्यांदा दोषी ठरणाऱ्यास फाशी सक्तीची केली. ती सक्ती घटनाबाह्य असल्याचे २०११ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सांगितले आणि २०१४ च्या दुरुस्तीने ती न्यायाधीशांच्या विवेकावर सोपवली. म्हणजे फाशी कायद्यात पस्तीसहून अधिक वर्षे आहेच. व्यापारी प्रमाणात माल सापडला, तर किमान दहा आणि कमाल वीस वर्षे सक्तमजुरी आहे. मेफेड्रोनचे, म्हणजे ज्याला मुले ‘एमडी’ म्हणतात त्याचे, व्यापारी प्रमाण अवघे ५० ग्रॅम आहे. कोकेनचे १०० ग्रॅम आणि हेरॉईनचे २५० ग्रॅम. जामीन तर जवळपास अशक्य, कारण ३७ व्या कलमाखाली आरोपी दोषी नाही असे मानण्यास वाजवी कारण आहे, याची न्यायाधीशांना खात्री पटावी लागते. शिक्षेच्या बाबतीत आपला कायदा मुळीच सौम्य नाही. उणीव आहे ती अन्यत्र.

कुठे, ते समजण्यासाठी एक काल्पनिक प्रसंग घेऊ. रात्री साडेनऊची वेळ. एका उपनिरीक्षकाला खबर मिळते की, अमुक गृहसंकुलातील तमुक सदनिकेत माल आला आहे. कायदा म्हणतो, ही खबर आधी लिहून काढ आणि ७२ तासांच्या आत वरिष्ठाकडे पाठव. सूर्यास्तानंतर वॉरंटशिवाय घरात शिरणार असशील, तर वॉरंट आणेपर्यंत माल नाहीसा होईल असे तुला का वाटते, तेही लिही. हे झाले कलम ४२. आत गेल्यावर संशयिताच्या अंगाची झडती घ्यायची, तर त्याला सांगावे लागते की, राजपत्रित अधिकारी किंवा दंडाधिकारी यांच्यासमोर झडती देण्याचा तुला हक्क आहे. हे कलम ५०. हा हक्क सांगणे ही औपचारिकता नाही, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने १९९९ मध्ये पंजाबच्या एका प्रकरणात सांगितले आणि २०१० मध्ये गुजरातच्या प्रकरणात ते आणखी घट्ट केले. नंतर वजन, सील, लाखेची मोहोर, पंचांच्या सह्या. मग माल ठाण्याच्या प्रमुखाच्या ताब्यात. अटकेचा आणि जप्तीचा सविस्तर अहवाल ४८ तासांत वरिष्ठांकडे. त्यानंतर कलम ५२-अ प्रमाणे दंडाधिकाऱ्यांसमोर यादी प्रमाणित करून घ्यायची आणि त्यांच्यासमक्ष नमुने काढायचे. नमुने कलिन्याच्या किंवा विभागीय न्यायसहायक प्रयोगशाळेत. व्यापारी प्रमाणाच्या गुन्ह्यात दोषारोपपत्रासाठी १८० दिवस.

आणि हे सारे करणारा तो उपनिरीक्षक दुसऱ्या दिवशी सकाळी कुणा मंत्र्याच्या दौऱ्याच्या किंवा विसर्जनाच्या बंदोबस्तावर उभा असतो, हेही विसरू नका. आपल्याकडे पोलिसांना शिव्या घालणे फार सोपे आहे.

या साखळीतील एक कडी निसटली, तर बचावपक्षाचा वकील तिथेच बोट ठेवतो. सुशिक्षित माणसे लगेच म्हणतात, ‘पाहा, तांत्रिक मुद्द्यावर सुटला!’ मीही पूर्वी असेच म्हणत असे. आज म्हणत नाही. या कायद्यात माल सापडला की, तो आपला नाही आणि आपल्याला त्याची जाणीव नव्हती, हे सिद्ध करण्याचा बराचसा भार आरोपीवर येतो. बहुतेक अन्य गुन्ह्यांत असे नसते. उद्या कुणी वैऱ्याने तुमच्या मुलाच्या स्कूटरच्या डिकीत एक पुडी टाकली आणि पोलिसाला फोन केला, तर त्या मुलाला वाचवणार कोण? हाच पंचनामा, हीच मोहोर आणि हेच पन्नासावे कलम. ज्या कायद्याने वीस वर्षे तुरुंगात टाकता येते, त्याची कार्यपद्धती काटेकोरच असली पाहिजे. द्वेषबुद्धीने किंवा विनाकारण झडती घेणाऱ्या अधिकाऱ्यालाही कलम ५८ खाली शिक्षा आहे, ती याचसाठी.

२०२१ च्या ऑक्टोबरमध्ये मुंबईच्या समुद्रात एका क्रूझवर पडलेला छापा आपल्याला आठवत असेल. जवळजवळ महिनाभर वाहिन्यांवर दुसरे काही नव्हते. एका विख्यात अभिनेत्याचा मुलगा तुरुंगात गेला. ‘आता चित्रपटसृष्टीची सफाई होणार’ असे आपल्यापैकी अनेकांनी म्हटले. २०२२ च्या मे महिन्यात त्याच यंत्रणेच्या विशेष तपास पथकाने दोषारोपपत्र दाखल केले, तेव्हा पुरेशा पुराव्याअभावी त्या मुलाचे आणि इतर काहींचे नाव त्यात नव्हते. त्या चित्रपटसृष्टीविषयी तुमचे आणि माझे मत काहीही असो, तपास हा मतावर चालत नाही. २०१६ मध्ये सोलापूरजवळच्या औद्योगिक वसाहतीतून ठाणे पोलिसांनी सुमारे १८ टन एफेड्रिन पकडले. देशातील मोठ्या कारवायांपैकी ती एक होती. त्यात एका माजी अभिनेत्रीला आरोपी केले गेले, तिच्या नावाने मथळे सजले, आणि २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तिच्याविरुद्धचा गुन्हा पुराव्याअभावी रद्द केला. आठ वर्षे! मथळ्यासाठी पकडलेले नाव न्यायालयात टिकत नाही, आणि ते कोसळते तेव्हा उरलेल्या तपासावरचा विश्वासही सोबत घेऊन जाते.

२०२० च्या ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने तमिळनाडूच्या प्रकरणात निर्णय दिला की, या कायद्याखालील अधिकाऱ्यांसमोर दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून वापरता येणार नाही. तोपर्यंत केंद्रीय यंत्रणांची अनेक प्रकरणे त्या कबुलीवर उभी असत. म्हणजे आता उरते काय? उरतो तो माल, आणि तो तिथे, तेव्हा, त्याच्याकडे सापडला हे सांगणारा माणूस.

आधी त्या मालाची कथा ऐका. २०१५ च्या मार्चमध्ये सातारा जिल्ह्यातील एका गावात, मुंबई पोलीस दलातीलच एका हवालदाराच्या घरातून शंभर किलोंहून अधिक भुकटी जप्त झाली, आणि तो ज्या ठाण्यात नेमणुकीला होता तेथील त्याच्या कपाटातूनही काही किलो निघाली. मेफेड्रोन म्हणून सारा महाराष्ट्र हादरला. मेफेड्रोन या कायद्याच्या यादीत आले तेच मुळी त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत. तोवर ते विकणाऱ्यावर हा कायदा लावताच येत नव्हता. पुढे प्रयोगशाळेच्या अहवालात ती भुकटी चायनीजच्या गाडीवर मिळणारे ॲजिनोमोटो असल्याचे आले. मूळचा माल बदलला गेला की मुळातच तो तसा होता, यावर वाटेल तितके तर्क करता येतील, पण खटल्याचा कणा मोडायचा तो मोडलाच. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ च्या जानेवारीत देशभरच्या मुद्देमाल खोल्यांचा आढावा घेऊन जप्त अमली पदार्थ वर्षानुवर्षे तसेच पडून राहतात आणि त्यांना पाय फुटण्याचा धोका असतो, याबद्दल चिंता व्यक्त केली. त्यानंतर साठवणुकीचे आणि नाशाचे नियम २०२२ च्या डिसेंबरमध्ये नव्याने झाले. ही सुधारणा आहे, आणि ती मान्य केली पाहिजे.

पुण्याचे प्रकरण तर ताजेच आहे. २०२० मध्ये चाकण परिसरात पकडलेल्या मेफेड्रोनच्या गुन्ह्यातील एक प्रमुख आरोपी कैदी म्हणून महिनोन् महिने ससून रुग्णालयात उपचार घेत होता. २०२३ च्या सप्टेंबरअखेर रुग्णालयाच्या दारातच कोट्यवधींचे मेफेड्रोन सापडले, २ ऑक्टोबरला तो आरोपी पहाऱ्यातून पळाला, आणि काही दिवसांत नाशिकजवळच्या शिंदे गावात कारखानाच उघडकीला आला. तो शोधला मुंबई पोलिसांनी, आणि आरोपीला दक्षिणेतून पकडून आणले तेही मुंबई पोलिसांनी. पोलिसांवर निलंबनाची कारवाई झाली. हा आरोपी कायद्याच्या पळवाटेने बाहेर आला नव्हता. जामिनाचे दार बंद होते, म्हणून रुग्णालयाचे दार उघडले गेले. कायदा कडक केला की भ्रष्टाचाराचा दर वाढतो, एवढाच त्याचा अर्थ होत असेल, तर नुसत्या कडकपणाने काय साधणार?

आता सीमेपलीकडच्या शत्रूविषयी. त्याचा उल्लेख केल्याशिवाय हे भाषण आपल्या व्यासपीठावर अपुरे वाटेल, आणि तो उल्लेख खोटाही नाही. पंजाबच्या सीमेवर ड्रोनने हेरॉईन टाकले जाते आणि त्याच वाटेने पिस्तुलेही येतात. २०२१ च्या सप्टेंबरमध्ये मुंद्रा बंदरात सुमारे तीन हजार किलो हेरॉईन पकडले गेले. टाल्क म्हणून पाठवलेला तो माल अफगाणिस्तानातून इराणच्या बंदर अब्बासमार्गे आला होता. पुढच्या वर्षी न्हावा शेवा येथे ज्येष्ठमधाच्या काड्यांना लावलेले हेरॉईन सापडले. आमच्या आजीच्या बटव्यातले ज्येष्ठमध! या पैशातून दहशतवाद पोसला जातो, हे आपल्या यंत्रणा सांगत आल्या आहेत, आणि बंदरे, सीमा व किनारा यांवरची दक्षता वाढली, याचे स्वागतच आहे.

परंतु शिंदे गाव काही सीमेपलीकडे नाही. कुरकुंभही नाही. २०२४ च्या फेब्रुवारीत पुणे पोलिसांनी कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यापासून सुरुवात करून दिल्ली आणि सांगलीपर्यंत धागे जोडत सतराशे किलोंहून अधिक मेफेड्रोन जप्त केले. अफूला शेत लागते, पाऊस लागतो. मेफेड्रोनला लागते ती एक शेड, काही रसायने, आणि रसायनशास्त्र शिकलेला एक माणूस. तो माणूस आपल्याच महाविद्यालयांतून पदवी घेऊन बाहेर पडतो. त्याला शेड भाड्याने देणारा, रसायनाचे बिल फाडणारा, रात्री-अपरात्री येणारा उग्र वास सहन करून गप्प बसणारा, हे सगळे आपल्यातलेच असतात. शत्रू परका असला की भाषण सोपे होते. इथे तो सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत आपल्या शेजारी बसलेला असतो.

म्हणूनच मी आता पंचांकडे येतो, आणि माझ्या मते या विषयाचे मर्म इथेच आहे.

पंचनामा हा शब्द आपण रोज वाचतो, परंतु त्यातला ‘पंच’ कोण, याचा विचार करत नाही. ‘पाचामुखी परमेश्वर’ म्हणणारा आपला समाज आहे. न्याय हा गावच्या पाच प्रतिष्ठितांच्या तोंडून बोलतो, ही आपली जुनी धारणा. इंग्रजांच्या कायद्याने पाचाचे दोन केले, पण कल्पना तीच राहिली. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या शंभराव्या कलमात शब्द होते: त्या परिसरातील दोन किंवा अधिक स्वतंत्र व प्रतिष्ठित रहिवासी. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही हीच तरतूद १०३ व्या कलमात आहे. लेखी आदेश देऊनही वाजवी कारणाशिवाय पंच होण्यास नकार देणे हा गुन्हासुद्धा आहे. नव्या संहितेने झडती आणि जप्तीचे दृकश्राव्य चित्रीकरण आवश्यक केले. ते उत्तम झाले. तथापि पंच रद्द झाला नाही, त्या यादीवर त्याची सही लागतेच. स्वतंत्र पंच नसला तर खटला आपोआप पडतो असेही नाही. पोलिसांची साक्ष निःसंशय विश्वासार्ह असेल, तर तिच्यावरही शिक्षा होऊ शकते. २०२५ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने असेही सांगितले की, ५२-अ चे पालन झाले नाही एवढ्यावरून आरोपी सुटत नाही, उरलेला पुरावा विश्वास ठेवण्याजोगा आहे का, हे पाहिले जाईल. म्हणजे फिरून फिरून प्रश्न तोच, विश्वास कुणावर ठेवायचा?

आता त्या काल्पनिक उपनिरीक्षकाकडे परत जाऊ. रात्रीचे साडेनऊ. त्याला दोन प्रतिष्ठित रहिवासी हवे आहेत. तो दारे ठोठावतो. पहिल्या घरी ‘साहेब बाहेरगावी आहेत’. दुसऱ्या घरी रक्तदाब आहे. तिसऱ्या घरी दार उघडतच नाही, फक्त आतल्या दूरदर्शन संचाचा आवाज कमी होतो. शेवटी तो शिपायाला पाठवतो आणि पोलीस ठाण्याजवळचा चहावाला नाहीतर टॅक्सीवाला येतो. तो बिचारा नाही म्हणूच शकत नाही, कारण त्याचा धंदा पोलिसांच्या मर्जीवर. हाच माणूस वर्षभरात दहा पंचनाम्यांवर सही करतो. न्यायालयीन भाषेत त्याला ‘सराईत पंच’ म्हणतात.

ही कल्पना मी हवेतून काढलेली नाही. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस मी न्यायालयीन वार्ताहर होतो. थंडीचे दिवस होते, रात्री दहाच्या सुमारास आमच्या घराची कडी वाजली. एक तरुण शिपाई उभा होता. म्हणाला, ‘साहेब, जरा खाली येता का? समोरच्या टपरीवर माल सापडलाय. पंच म्हणून दोन सह्या पाहिजेत, अर्ध्या तासाचं काम आहे.’ मी पत्रकार आहे, उद्या पहाटेची ड्युटी आहे, असे काहीबाही सांगून मी दार लावून घेतले. आईने आतून विचारले, ‘कोण होतं रे?’ मी म्हणालो, ‘कुणी नाही, पोलीस.’

तीन वर्षांनी तोच खटला मी वार्ताहर म्हणून ऐकला. माल होता ब्राऊन शुगर. आमच्या पिढीने त्याला ‘गर्द’ म्हटले, आणि अनिल अवचटांच्या लेखनामुळे तो शब्द मराठी घरोघरी पोचला. साक्षीच्या पिंजऱ्यात चहाच्या गाडीवर काम करणारा एक पोऱ्या होता. बचावपक्षाच्या वकिलांनी त्याच्या सहीच्या अन्य चार पंचनाम्यांच्या प्रमाणित प्रती न्यायाधीशांसमोर ठेवल्या आणि एकच प्रश्न विचारला, ‘तुला वाचता येतं का?’ तो खाली पाहत राहिला. आरोपी सुटला. मी कार्यालयात येऊन बारा ओळींची बातमी लिहिली: पुराव्याअभावी निर्दोष मुक्तता. त्या पुराव्याच्या जागी आधी कुणाला बोलावले होते, ते मी त्या बारा ओळींत लिहिले नाही. आज प्रथमच सांगतो आहे.

याच्या उलट एक उदाहरण माझ्या मित्राच्या वडिलांचे. निवृत्त मुख्याध्यापक, प्रभात शाखेला नियमित जाणारे, सगळे त्यांना गुरुजी म्हणत. त्यांच्या इमारतीत छापा पडला तेव्हा बोलावण्याआधीच ते सदरा घालून तयार होते. पंचनाम्यात वेळ सव्वानऊची लिहिली होती. गुरुजींनी घड्याळ दाखवून सांगितले की, आपण दहा वाजून पाच मिनिटांनी आत आलो, सव्वानऊच्या कागदावर मी सही करणार नाही. अधिकारी वैतागला. शेवटी वेळ खोडून दुरुस्त केली, आणि त्या खाडाखोडीवर गुरुजींनी स्वतःची आद्याक्षरे घातली. घरी येऊन त्यांनी खिशातल्या वहीत टिपले: पुड्या किती, सील कसले, कोण कुठे उभे होते. चार वर्षांनी समन्स आले. बचावपक्षाच्या वकिलांनी नेमकी ती खाडाखोड पकडली. गुरुजी म्हणाले, ‘ती माझ्या सांगण्यावरून झाली. खाली सही माझी आहे.’ वकिलांनी विचारले, ‘काका, तुमची पोलिसांशी ओळख जुनी दिसते.’ गुरुजींचे उत्तर आजही त्या न्यायालयात सांगतात: ‘ठाण्याची पायरी मी आयुष्यात एकदाच चढलो, मुलाच्या पासपोर्टच्या पडताळणीला, आणि तेव्हा दोन तास बसवून ठेवलं होतं.’ न्यायाधीशही हसले. शिक्षा झाली. त्या खटल्यात दुसरा पंच फितूर झाला होता, हे मुद्दाम सांगतो.

गुरुजींना भीती वाटली नसेल का? वाटली होती. आरोपीचे नातेवाईक त्याच गल्लीत राहत होते. म्हणून साक्षीच्या दिवशी इमारतीतील अकराजण त्यांच्यासोबत न्यायालयात जाऊन बसले. कुणी काही बोलले नाही, नुसते बसले. आपल्या संघटित शक्तीचा आपण नेहमी उल्लेख करतो. तिचा याहून साधा उपयोग मला तरी माहीत नाही.

एक गोष्ट राहिली. आपल्याच घरातला मुलगा यात सापडला तर? नोंदल्या जाणाऱ्या गुन्ह्यांत नुसत्या सेवनाची प्रकरणे फार मोठ्या संख्येने असतात. आकडा फुगतो आणि माल विकणारा बाजूला राहतो. केंद्र सरकारच्या वतीने ‘एम्स’ने केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात अफूजन्य पदार्थ घेणारे सुमारे सव्वादोन कोटी आहेत. इतक्यांना काही तुरुंगात घालता येणार नाही. कायद्यालाही ते अभिप्रेत नाही. कलम ६४-अ सांगते की, सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या आरोपातील व्यसनी माणूस स्वतःहून सरकारमान्य केंद्रात उपचार घेईल, तर त्याच्यावर खटला चालणार नाही. मात्र उपचार पूर्ण केले पाहिजेत. कलम ३९ प्रमाणे न्यायालयही त्याला उपचारासाठी सोडू शकते. आमच्या मध्यमवर्गीय घरांत हे कुणाला ठाऊक नसते. ‘लोक काय म्हणतील’ या धाकाने मुलाला मामाच्या गावी पाठवतात, तिथे तो दुसरा पुरवठादार शोधतो. पुण्याचे मुक्तांगण १९८६ पासून उभे आहे, अशी केंद्रे अन्यत्रही आहेत. सल्ल्यासाठी १४४४६ आणि माहिती कळवण्यासाठी २०२४ मध्ये सुरू झालेला १९३३, हे दोन्ही क्रमांक लिहून घ्या. १९३३ वर नाव न सांगता बोलता येते. कुरकुंभसारख्या शेडचा वास ज्यांना येतो, त्यांच्यासाठी तो आहे.

वेळ संपत आली, अध्यक्षांनी घड्याळाकडे दोनदा पाहिले. मी सोबत पंचनाम्याच्या कोऱ्या नमुन्याच्या शंभर प्रती आणल्या आहेत. मागच्या टेबलावर ठेवल्या आहेत. काय वाचायचे, वेळ कुठे तपासायची, सील कुठे पाहायचे, खाडाखोडीवर सही कशी करायची, हे एक निवृत्त पोलीस अधिकारी आणि एक वकील तिथे थांबून समजावून सांगणार आहेत. दोघेही नऊपर्यंत आहेत. प्रत प्रत्येकी एकच घ्या, कारण मागच्या गावी पहिल्या दोन रांगांनीच सगळ्या संपवल्या होत्या.